लाडानं ‘काळू’ म्हटलं तर तो वर्णद्वेष होतो का?

ताई, नमस्कार.

मी मंगळवार पेठेत राहतो. दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. लहानपणापासून तालीम आणि फुटबॉल, दुसरं काही सुचलं नाही. यंदा आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात एक आफ्रिकन खेळाडू आलाय. पोरगं गुणी आहे. आम्ही सगळे त्याला लाडानं ‘काळू’ म्हणतो. त्याच्या पायात बॉल आला की आमच्या गॅलरीत हलगीच्या ठेक्यावर ‘काळू, काळू’ सुरू होतं, तोही हात वर करून हसतो. रविवारी जेवायला माझ्याच घरी असतो. त्याच्यासाठी बायको रस्सा कमी तिखट करते.

परवाच्या सामन्यात त्याची पेनल्टी हुकली. समोरच्या पोरांनी हुर्यो उडवली, माकडासारखे आवाज काढले. खरं सांगायचं तर आमच्यातल्याही दोघाचौघांनी काढले. माझी पुतणी विद्यापीठात शिकते, ती शेजारीच होती. तडक उठून गेली. घरी म्हणाली, “काका, ह्याला वर्णद्वेष म्हणतात, आणि तुम्हीपण त्यात आहात.” ताई, हे फार लागलं मला. आम्ही शाहू महाराजांच्या गावची माणसं. मला स्वतःला अख्खी पेठ ‘काळ्या’ म्हणते, मी कधी कुणावर डाफरलो नाही. द्वेष असता तर पोराला घरात घेतलं असतं का? पुतणी वर्णद्वेष म्हणते, तिची मैत्रीण वंशवाद म्हणते, आणि हिंदी चॅनेलवर वंशवाद म्हणजे पुढाऱ्याच्या पोराला तिकीट. नेमका अर्थ काय आणि आम्ही त्यात बसतो का? तालमीच्या फलकावर काहीतरी लिहावं असं काही जणांचं म्हणणं आहे. काय लिहू तेही सांगा. पुतणी आठवडा झाला बोलत नाही.

— एक फुटबॉलवेडा, कोल्हापूर

दादा,

आधी सरळ उत्तर देते, मग कारणं. माकडाचे आवाज हा वर्णद्वेष आहे. त्यात चर्चेला जागा नाही. ते समोरच्या गॅलरीतून आले की आपल्या, यानं काही फरक पडत नाही. ‘काळू’ची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे, पण तीही त्याच घरातली. आणि तुमच्याबद्दल म्हणाल, तर तुमच्या मनात त्या मुलाविषयी द्वेष नाही हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीतून दिसतं. पुतणी जे म्हणते आहे ते मात्र तरीही खरं आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात, हीच तुमची अडचण आहे असं मला वाटतं.

शब्दांचा घोळ आधी निस्तरू. तुमच्या-माझ्या पिढीनं ‘वर्णद्वेष’ हा शब्द वर्तमानपत्रात वाचला तो दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांत. तिथं आधीपासून चालत आलेला भेद १९४८ पासून सरकारचं अधिकृत धोरण झाला: काळ्या माणसांना वेगळ्या वस्त्या, वेगळ्या शाळा, वेगळे बाक आणि खिशात कायम पास, म्हणजे कुठं जायची परवानगी आहे ते सांगणारं ओळखपत्र, बाळगायची सक्ती होती. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिल इथं या पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ६९ माणसं मेली. आजही २१ मार्च हा दिवस जगभर वांशिक भेदभावाविरुद्ध पाळला जातो तो त्यामुळेच. तिथल्या गोऱ्या सरकारशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, तोही १९४६ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीच. त्यामुळे वर्णद्वेष म्हणजे दूरदेशीच्या गोऱ्या सरकारनं केलेला जुलूम, आणि आपण त्याच्या विरुद्ध बाजूचे, असं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलं. अशा शब्दात आपणच सापडू शकतो हे कुणाच्या मनात येणार? तुम्हाला धक्का बसला यात नवल नाही.

‘वंशवाद’ म्हणजे माणसांचे रक्तानंच वेगवेगळे गट पडतात, त्यातले काही जन्मतः वरचे आणि काही खालचे, असं मानणं. ‘वर्णद्वेष’ हा बोलण्यातला आणि बातम्यांतला जास्त रुळलेला शब्द, त्यात कातडीच्या रंगावर भर आहे. कायद्याच्या भाषेत ‘वांशिक भेदभाव’ म्हणतात. तुमची पुतणी आणि तिची मैत्रीण बोलतात ते एकाच गोष्टीबद्दल. हिंदी चॅनेलवरच्या वंशवादाला आपण मराठीत घराणेशाही म्हणतो, तो विषय वेगळा.

यातला ‘द्वेष’ मात्र आपल्याला चकवतो. द्वेष म्हटलं की आपण मनात डोकावतो, तिथं राग सापडला नाही की सुटलो असं समजतो. तुम्हीही तेच केलंत: “द्वेष असता तर घरात घेतलं असतं का?” पण जगानं या गोष्टीची जी व्याख्या मान्य केली आहे तिच्यात द्वेषाची अट नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९६५ मध्ये वांशिक भेदभावाविरुद्ध एक करार केला आणि १९६८ मध्ये भारतानं त्याला मान्यता दिली. वंश, रंग, कूळ किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून केलेला असा कुठलाही फरक, ज्याचा हेतू किंवा परिणाम समोरच्याचे बरोबरीचे हक्क हिरावण्याचा असेल, तो भेदभाव, असं त्यात म्हटलं आहे. हेतू *किंवा* परिणाम. हा ‘किंवा’ फार विचारानं घातलेला आहे. माझ्या मनात काही नव्हतं, एवढ्यानं विषय मिटत नाही. समोरच्याच्या वाट्याला काय आलं, हेही बघावं लागतं.

आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमातही धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या बरोबरीनं ‘वंश’ हा शब्द स्वतंत्र लिहिलेला आहे. म्हणजे हा प्रश्न फक्त परदेशी पाहुण्यांचा आहे असं समजू नका. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपत नगरात निडो तानिया हा अरुणाचल प्रदेशचा विद्यार्थी एका दुकानात गेला. त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून शेरेबाजी झाली, भांडण झालं, त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. भारताचाच नागरिक, आपल्याच राजधानीत. त्यानंतर सरकारनं बेझबरुआ समिती नेमली. वांशिक शेरेबाजीसाठी दंड संहितेत वेगळी कलमं घालावीत, अशी शिफारस तिनं केली होती. ईशान्येकडच्या मुलामुलींना ‘चिंकी’ म्हणणारे बहुतेक जण तेच सांगतात जे तुम्ही सांगताय: चेष्टेत म्हटलं हो, मनात काही नव्हतं.

आता माकडाच्या आवाजांबद्दल. हे आवाज कोल्हापूरच्या पोरांनी शोधून काढलेले नाहीत. आफ्रिकेतल्या माणसांना पकडून, जहाजात कोंबून, बाजारात विकायचं तर ते पूर्ण माणूस नाहीतच असं स्वतःला आणि जगाला पटवणं भाग होतं. माकडाशी तुलना त्या गरजेतून आली. चित्रांत आली, पुस्तकांत आली, आणि पुढं युरोपातल्या फुटबॉलच्या गॅलऱ्यांत येऊन बसली. २००६ मध्ये स्पेनमधल्या झारागोझाच्या मैदानात हे आवाज ऐकून बार्सिलोनाचा सॅम्युएल एटो खेळ अर्धवट टाकून मैदानाबाहेर निघाला होता, सहकाऱ्यांनी आणि पंचांनी त्याला कसंबसं थांबवलं. २०१४ मध्ये बार्सिलोनाच्याच डॅनी अल्वेसवर केळं फेकलं गेलं. २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानात रियल माद्रिदच्या विनिसियस ज्युनियरला हेच ऐकावं लागलं, आणि जून २०२४ मध्ये त्या प्रकरणात तीन प्रेक्षकांना स्पॅनिश न्यायालयानं आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. खेळाडूनं किंवा पदाधिकाऱ्यानं वांशिक अपमान केला तर फिफाच्या नियमात किमान १० सामन्यांची बंदी आहे. सामन्यात असे प्रकार झाले तर पंचांनी आधी खेळ थांबवायचा, मग स्थगित करायचा, तरीही ऐकलं नाही तर सामनाच रद्द करायचा, अशी तीन टप्प्यांची पद्धत आहे. वांशिक अपमान झाल्याचं पंचांना कळवायला मनगटावर मनगट ठेवून फुली दाखवायची खूण २०२४ पासून सगळ्या देशांच्या संघटनांनी स्वीकारली आहे.

आपल्या पोरांनी मोबाईलवर युरोपातले सामने बघत फुटबॉल शिकला, चांगलंच केलं. पण तिथल्या गॅलरीतली ही घाणही सोबत आली. त्यांना तिचा इतिहास ठाऊक नसेल. त्या खेळाडूला तो जन्मापासून ठाऊक आहे. एकच आवाज, काढणाऱ्याला ती हुल्लडबाजी वाटते आणि ऐकणाऱ्याला आपल्या पूर्वजांची विक्री ऐकू येते.

‘काळू’कडे येते. याच नावाचा एक गाजलेला किस्सा आहे. वेस्ट इंडिजचा कप्तान डॅरेन सॅमी आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबादकडून खेळत होता. त्याला आणि श्रीलंकेच्या थिसारा परेराला संघातले काही जण ‘काळू’ म्हणायचे. सॅमीला वाटायचं, दमदार घोडा वगैरे असा काहीतरी कौतुकाचा अर्थ असेल. तोही हसायचा. २०२० मध्ये त्याला खरा अर्थ कळला, तेव्हा तो जाहीरपणे चिडला, आणि मला ज्यांनी ज्यांनी असं म्हटलं त्यांनी माझ्याशी बोलावं असं म्हणाला. पुढं त्यांच्यातल्या एकाशी त्याचं बोलणं झालं. म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच होतं हे त्यानं मान्य केलं आणि विषय लोकांना शिकवण्याकडे वळवला. म्हणजे प्रेम होतं हे खरं, आणि दुखावलं गेलं हेही खरं. तुमचा खेळाडू हात वर करून हसतो म्हणता. त्याला ‘काळू’चा अर्थ कुणी सांगितला आहे का? सांगितला नसेल तर ते हसू संमती म्हणून धरता येणार नाही.

तुम्ही म्हणता, मलाही पेठ ‘काळ्या’ म्हणते. बरोबर आहे. आपल्याकडं तालमीत लंब्या, बुटक्या, जाड्या, काळ्या अशी नावं पडतात आणि माणसं ती जन्मभर मिरवतात. पण फरक बघा. तुम्हाला काळ्या म्हणणाऱ्याला तुम्ही उलट चार नावं ठेवू शकता. त्याच्या बापाला, आज्याला ओळखता. तुमच्या रंगाचे आणखी पन्नास जण त्याच कट्ट्यावर बसलेले असतात. ‘काळ्या’ म्हणून तुम्हाला कुणी भाड्यानं खोली नाकारलेली नाही. त्या मुलाचं तसं आहे का? त्याला मराठी येत नाही. त्याचं मानधन, राहायची खोली, पुढच्या हंगामात बोलावणं, सगळं याच माणसांच्या हातात आहे. अख्ख्या गॅलरीत त्याच्यासारखा दिसणारा तो एकटा. अशा माणसाकडे हसण्याशिवाय दुसरं उत्तर नसतं. बरोबरीच्यांत जी चेष्टा असते, ती बरोबरी नसली की ओझं होते.

आणि प्रामाणिकपणे विचार करा, ‘काळ्या’ हे नाव आपल्यातही तितकं निरुपद्रवी आहे का? लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ लिहितात, सावळी मुलगी जन्मली की आज्या सुस्कारे सोडतात. आपला विठोबा सावळा आहे हे आपण अभिमानानं सांगतो आणि सून मात्र गोरी बघतो. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ पासून आपल्या घराघरांत होती, नावातलं ‘फेअर’ गेलं ते २०२० मध्ये. रंगाची ही उतरंड आपल्याकडं आधीपासून आहे, आणि जातीच्या उतरंडीशी तिचं जुनं नातं आहे. त्या मुलाला आपण त्या उतरंडीच्या तळाशी नेऊन बसवलं, तेही गाण्याच्या ठेक्यावर.

तुमच्यासारखाच एक प्रकार इंग्लंडमध्ये झाला. मँचेस्टर युनायटेडचा एडिन्सन कवानी उरुग्वेचा. २०२० मध्ये त्यानं मित्राचे आभार मानताना ‘नेग्रितो’ असा शब्द वापरला. त्यांच्याकडं तो लाडानं म्हणतात, काळुल्या म्हणावं तसा. तरीही तिथल्या संघटनेनं त्याला तीन सामन्यांची बंदी आणि एक लाख पौंडांचा दंड केला. त्याच्या देशात या शिक्षेवर फार नाराजी झाली. मला स्वतःला ती शिक्षा जड वाटते, कारण तो आपल्या मित्राशी, आपल्या भाषेत बोलत होता. पण तुमच्या गॅलरीला हा बचाव लागू होत नाही. तुमचा खेळाडू तुमच्या भाषेतला नाही.

आता जरा कठीण वाटेल ते सांगते. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तो गुणी आहे, रविवारी जेवायला येतो, तिखट सोसत नाही, पेनल्टी हुकला, हे सगळं त्यात आहे. त्याचं नाव एकदाही नाही. तो कुठल्या देशाचा तेही नाही, नुसतं आफ्रिकन. आफ्रिकेत पन्नासहून जास्त देश आहेत. ज्याच्यासाठी तुमच्या घरी वेगळा रस्सा होतो, त्याला तुमच्याकडं नाव नाही, रंग आहे. तुमच्या पुतणीला हेच दिसलं असणार. माझ्या मते वर्णद्वेषाचा सगळ्यात नकळत होणारा प्रकार हाच.

शाहू महाराजांचा उल्लेख तुम्ही केलात, तो अभिमान मला मान्य आहे. पण महाराजांनी काय केलं ते आठवू. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला त्यांनी मदत केली, आणि जिथून सगळं गाव जातं अशा रस्त्यावर स्वतः थांबून तिथला चहा घेतला. राजवाड्यात कप मागवून घेता आला असता. त्यांनी तो उघड्यावर घेतला, चार माणसं बघत असताना. अपमान चारचौघांत होत होता, म्हणून त्यावरचा उपायही चारचौघांत. तुमच्या प्रकरणातही अपमान गॅलरीत झाला आहे. रविवारच्या जेवणानं त्याची भरपाई होणार नाही.

आणखी एक गोष्ट पोरांना सांगा, त्यांना ती आवडेल. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर मूळच्या आफ्रिकन वंशाचा, हे सगळ्यांना पाठ आहे. पण तो वेढा फोडायला शिवाजी महाराजांच्या बाजूनं नेताजी पालकरांबरोबर जो लढला तो सिद्दी हिलालही त्याच वंशाचा, आणि त्या लढाईत त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. ज्याचा वेढा पडला तोही हबशी आणि ज्यानं तो फोडायच्या प्रयत्नात पोटचा मुलगा पणाला लावला तोही हबशी. निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर ॲबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. कारवारकडच्या हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात आजही सिद्दी लोक राहतात, कोकणी-मराठी बोलतात. ही माणसं आपल्या इतिहासात चारशे वर्षांपासून आहेत. ‘हबशी’ हा शब्दही मुळात नुसता प्रदेशावरून आलेला, त्याची शिवी आपण केली.

तर आता करायचं काय? आधी त्या मुलाकडं जा, एकटे. तालमीतली दहा माणसं घेऊन जाऊ नका, त्याला पुन्हा हसावंच लागेल. त्याला भाषेचा प्रश्न असेल तर पुतणीला विचारा, ती येईल. ‘तुला वाईट वाटतं का’ असं विचारू नका. तो नाहीच म्हणणार. ‘काळू’चा अर्थ सांगा, आमचं चुकलं म्हणा, आणि आम्ही हे थांबवतोय एवढं सांगा. मग त्याला नाव विचारा, नीट म्हणायला शिका. तो माफ करेल, गप्प बसेल किंवा चिडेल. जे होईल ते ऐकून घ्या. लगेच गळ्यात पडायची घाई करू नका.

मग तालमीत बसा. ज्येष्ठ खेळाडूंनी बोललं तर पोरं ऐकतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. हलगी थांबवायची गरज नाही, ठेका तोच ठेवा, नाव त्याचं घाला. आणि आपल्यातल्या ज्या दोघाचौघांनी माकडाचे आवाज काढले, त्यांना नावानिशी समोर बसवा. समोरच्या पेठेनं आधी केलं, हे ऐकून घेऊ नका. त्या तालमीच्या वडीलधाऱ्यांशी तुम्ही स्वतः जाऊन बोललात तर फार बरं, पण ते आपल्या पोरांशी बोलून झाल्यावर.

फलकावर भारी शब्द नकोत. मी असं लिहीन: “आपल्या आणि समोरच्या, दोन्ही संघांच्या खेळाडूंना नावानं हाक मारा. रंग, चेहरा, जात, देश यांवरून कुणी ओरडला तर तो आपल्या गॅलरीत बसणार नाही.” शेवटचं वाक्य लिहिणार असाल तर ते पाळायची तयारी ठेवा. एकाला तरी उठवावं लागेल, आणि तो ओळखीचाच निघेल.

एक सावधगिरी. उद्यापासून प्रत्येक भांडणाला वर्णद्वेष म्हणू नका, पोरांनाही म्हणू देऊ नका. दोन पेठांची ईर्ष्या हा वर्णद्वेष नाही. त्याच्या चुकीच्या पासवर ओरडणं हाही नाही, वाईट खेळला तर वाईट खेळला म्हणावंच. शिरोलीच्या कारखान्यातल्या उत्तर भारतीय कामगाराला ‘भैय्या’ म्हणून हिणवणं हा प्रांतवाद, तोही वाईटच, पण त्याचं नाव वेगळं आहे.

राहिली पुतणी. ती ‘तुम्ही वर्णद्वेषी आहात’ असं म्हणालेली नाही, ‘तुम्हीपण त्यात आहात’ असं म्हणाली. तुम्ही लिहिलंय म्हणून सांगते, पुन्हा वाचा. काकाबद्दल आशा सुटली असती तर ती बोलायच्या फंदात पडली नसती. तिच्याकडं कबुली घेऊन जाऊ नका, त्या मुलाशी बोलताना भाषेला मदत हवी आहे, एवढंच मागा. बाकीचं बोलणं मग आपोआप सुरू होईल. आणि पुढचा सामना जवळ आला असेल तर हे सगळं त्याच्या आधी करा, नंतर नको. सामन्यात पुन्हा आवाज आले तर तुमच्या कप्तानानं खेळ थांबवून पंचांना सांगायचं, हेही आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ते सांगायची वेळ त्या मुलावर येणार नाही.